गाडी सजवलीत, पण पॉलिसीला सांगितलंत का?

ज्यांनी हा भाग ऐकलाय त्यांना पुढचं माहीत आहे. ज्यांना बसमध्ये आवाज न करता वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हे शब्दांकन. बोलताना जिथे फारच भरकटलो होतो ते छाटलंय, बाकी तसंच ठेवलंय.

आधी एक काम करा. फोन हातात आहेच. गाडीच्या पॉलिसीची पीडीएफ उघडा. मेलमध्ये असेल, नाहीतर बाबांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर. पहिल्या किंवा दुसऱ्या पानावर एक तक्ता सापडेल. त्यात गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत लिहिलेली असते. तिच्या शेजारी बारीक अक्षरांत आणखी रकाने असतात: 'इलेक्ट्रिकल अ‍ॅक्सेसरीज', 'नॉन-इलेक्ट्रिकल अ‍ॅक्सेसरीज', 'सीएनजी/एलपीजी किट'. तिथे काय लिहिलंय? बहुतेकांकडे शून्य असणार. आता खिडकीतून खाली पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या तुमच्या गाडीकडे बघा. अ‍ॅलॉय आहेत? मोठी स्क्रीन, डिकीत बूफर, प्रोजेक्टर हेडलाइट? तर मग तुमच्या पॉलिसीत एक गाडी आहे आणि रस्त्यावर दुसरीच फिरतेय.

माझंही असंच होतं. तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो. घरात बाराशे सीसीची पेट्रोल हॅचबॅक, बाबांच्या नावावर, पांढरी. पहिल्या पगारापासून मी तिच्या मागे लागलो. नाना पेठेत चकरा मारल्या, एकदा खास कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जाऊन आलो. सोळा इंची अ‍ॅलॉय आणि रुंद टायर, टचस्क्रीन, अ‍ॅम्प्लिफायर, बूफर, प्रोजेक्टर लाइट, फ्री-फ्लो एक्झॉस्ट आणि शेवटी अख्ख्या गाडीला मॅट काळं रॅप. बाबा फक्त एवढंच म्हणाले, "अरे, शेजारच्यांना वाटलं आपण गाडी बदलली." दरवर्षी पॉलिसी रिन्यू मीच करायचो, मोबाइलवरून, चार मिनिटांत. 'अ‍ॅक्सेसरीज आहेत का?' असा एक पर्याय दिसायचा. तो निवडला की प्रीमियम वाढायचा, म्हणून मी तो पुन्हा काढून टाकायचो.

जुलै महिना, पाऊस, कात्रजचा नवा बोगदा संपून नवले पुलाकडे जाणारा उतार. पुण्याच्या मंडळींना तो उतार माहीत आहे. पुढच्या टेम्पोने ब्रेक मारला, मी मारला, गाडी घसरली आणि दुभाजकावर आदळली. कुणालाही लागलं नाही, हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही फक्त पैशांचा विचार कराल.

वर्कशॉपने एस्टिमेट काढलं: एक लाख बेचाळीस हजार. मी निवांत होतो, फुल पॉलिसी होती ना! तिसऱ्या दिवशी सर्व्हेअर आले. वयस्कर, शांत माणूस. गाडीभोवती एक फेरी मारली, फोटो काढले, आरसी मागितली आणि म्हणाले, "आरसीवर गाडी पांढरी आहे. ही कुठली आणलीत?"

मी हसलो. ते हसले नाहीत.

पुढचा हिशेब नीट सांगतो, कारण हा भाग त्यासाठीच केला. एक लाख बेचाळीस हजारांपैकी सेहेचाळीस हजार अ‍ॅलॉय, म्युझिक सिस्टिम, प्रोजेक्टर आणि रॅपचे होते. ते पहिल्याच फटक्यात बाहेर, कारण पॉलिसीत त्या वस्तूच नव्हत्या. ज्या वस्तूचा विमाच उतरवला नाही तिची भरपाई कोण देणार? उरले शहाण्णव हजार. त्यावर घसारा. रबर, प्लॅस्टिक, टायर, बॅटरी यांचा निम्मा, धातूच्या भागांचा गाडीच्या वयाप्रमाणे. माझ्याकडे झिरो डेप नव्हतं, त्यामुळे चोवीस हजार कापले गेले. राहिले बहात्तर हजार. मग कंपनीचं पत्र आलं की बदल न कळवल्यामुळे क्लेम 'नॉन-स्टँडर्ड' धरून पंचाहत्तर टक्के मंजूर करत आहोत. म्हणजे चोपन्न हजार. त्यातून सक्तीचं डिडक्टिबल एक हजार. हातात आले त्रेपन्न हजार.

उरलेले एकोणनव्वद हजार बाबांनी आरडी मोडून भरले. बोलले काहीच नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

आता दुसऱ्या बाजूचा हिशेब. त्या सेहेचाळीस हजारांपैकी अठ्ठावीस हजार इलेक्ट्रिकल वस्तूंचे होते, अठरा हजार बाकीचे. आपल्याकडच्या जुन्या मोटर टॅरिफमध्ये कंपनीने न बसवलेल्या इलेक्ट्रिकल वस्तूंवर त्यांच्या किमतीच्या चार टक्के प्रीमियम असायचा आणि नॉन-इलेक्ट्रिकल वस्तूंची किंमत गाडीच्या किमतीत धरून गाडीचाच दर लागायचा, साधारण सव्वातीन टक्के. ओन डॅमेजचे, म्हणजे आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचे दर २००७ पासून कंपन्या आपापले ठरवतात, पण हा ढाचा अजून बराच तसाच आहे. त्या हिशेबाने माझं जास्तीचं वार्षिक बिल जीएसटी धरून दोन हजारांच्या आसपास झालं असतं. ते वाचवायला मी दरवर्षी तो पर्याय काढून टाकत होतो.

इथे तुमच्यातला कुणीतरी म्हणणार, 'दादा, पण तरुण ड्रायव्हरला विमा महागच पडतो ना?' नाही. हा समज यूट्यूबवरून आलाय. आपण ब्रिटनमधल्या कारवेड्या पोरांचे व्हिडिओ बघतो. तिथे सतरा-अठरा वर्षांच्या ड्रायव्हरचा प्रीमियम कधीकधी त्याच्या जुन्या गाडीच्या किमतीच्या बरोबरीला जातो, गाडीत वेग आणि ब्रेक मोजणारा ब्लॅक बॉक्स बसवून घेतला तर थोडा उतरतो, आणि अ‍ॅलॉय बदलले तरी कंपनीला कळवावं लागतं. तुमच्यापैकी जे तिकडे मास्टर्सला गेलेत आणि सेकंडहँड गाडी घ्यायच्या विचारात आहेत, त्यांनी हे गांभीर्याने घ्या. तिथे २०१२ चा कायदाच आहे की कंपनीने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर ग्राहकाने वाजवी काळजी घेऊन, खरं द्यायचं.

आपल्याकडे प्रीमियम मुख्यतः गाडीवर ठरत आलाय: आयडीव्ही, इंजिनाचे सीसी, गाडीचं वय आणि नोंदणीचा झोन. मुंबई, पुणे धरून आठ मोठी शहरं झोन ए मध्ये. नाशिक, नागपूर, कोल्हापूर, पणजी ही झोन बी मध्ये. थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं काही झालं तर त्यासाठीचा दर सरकारच ठरवतं. १ जून २०२२ पासूनच्या दरांत हजार सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला वर्षाला २,०९४ रुपये, हजार ते दीड हजार सीसीला ३,४१६ आणि त्यापुढे ७,८९७. चालवणारा एकोणीसचा की एकोणसाठचा, हे त्यात कुठेच येत नाही. (जुलै २०२२ पासून जितकं चालवाल किंवा जसं चालवाल तसा प्रीमियम, अशी अ‍ॅड-ऑन द्यायला विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने परवानगी दिली आहे. कमी आणि सांभाळून चालवत असाल तर चौकशी करा.)

ऐकायला भारी वाटतं. पण याचा एक तोटा आहे. तिकडे पैसे आधी वाजवून घेतात, म्हणून पोरं आधी विचार करतात. आपल्याला कुणी काही विचारत नाही, आपणही सांगत नाही, आणि सगळा हिशेब एकदम क्लेमच्या दिवशी होतो.

मग सांगायचं काय? सगळे बदल एकाच माळेचे मणी नाहीत. काही बदल असे की नुसते कळवायचे, किंमत दाखवायची, प्रीमियम भरायचा. स्क्रीन, स्पीकर, सीट कव्हर आणि त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला कंपनी जो साइज देते त्या साइजचे अ‍ॅलॉय या गटात येतात. दुकानदार 'बिल नको असेल तर कमी करतो' म्हणतो ना, तिथे मोहात पडू नका. पक्कं बिल नसलं तर वस्तूची किंमत कशावर धरणार?

दुसऱ्या गटात आधी आरटीओ, मग विमा. सीएनजी हे यातलं मोठं उदाहरण, कारण पेट्रोलच्या भावामुळे तरुण मंडळी बाहेरून किट बसवतात. किट मान्यताप्राप्त हवं, आरसीवर इंधनाची नोंद बदलायला हवी, आणि त्यानंतर विमा कंपनीकडून पॉलिसीत नोंद, ज्याला एंडोर्समेंट म्हणतात. टॅरिफच्या ढाच्यात किटच्या किमतीच्या चार टक्के आणि थर्ड पार्टीसाठी वर्षाला साठ रुपये. हो, फक्त साठ! आणि दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट. ही साखळी कुठे तुटली आणि उद्या गाडीने पेट घेतला, तर कंपनीच्या हातात पहिला मुद्दा तुम्हीच दिलेला असतो. रंगाचंही तसंच. आरसीवर रंग लिहिलेला असतो, तो बदलायचा तर आरटीओत नोंद हवी. 'रॅप म्हणजे रंग नव्हे, स्टिकर आहे' हा युक्तिवाद मी सर्व्हेअरसमोर करून पाहिलाय. चालला नाही.

तिसऱ्या गटातले बदल म्हणजे जे कळवूनही उपयोग नाही, कारण कायद्यालाच ते मान्य नाहीत. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की उत्पादकाने मुळात दिलेल्या आणि आरसीवर आलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाने करायचा नाही. केरळमधल्या एका प्रकरणात जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आलं: बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. 'दर बदलामागे' हे शब्द पुन्हा वाचा. छत कापणं, चेसिसला हात लावणं, गाडीचा मूळ आकारच बदलणं हे सगळं इथे. पुढे लोखंडी क्रॅश गार्ड लावता ना, त्यावरही केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाई करायला सांगितलंय. कारण साधं आहे. धडकेचा जोर शोषायला पुढचा भाग चेपला जावा अशीच गाडीची रचना असते, एअरबॅगचे सेन्सरही त्यावर अवलंबून. आपण तिथे लोखंड ठोकून मोकळे होतो, आणि समोरच्या पादचाऱ्याचा तर विचारच करत नाही.

आणखी एक. पॉलिसीत 'लिमिटेशन्स अ‍ॅज टू यूज' असा एक परिच्छेद असतो. रेसिंग, वेगाची चाचणी अशा वापराला विमा नाही, असं त्यात लिहिलेलं असतं. घाटात दोन गाड्यांची 'फ्रेंडली' शर्यत लावून रील टाकणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा की रील तारखेसकट इंटरनेटवर राहते.

आता ज्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही ते. आपल्यातल्या कितीतरी जणांची गाडी आई किंवा बाबांच्या नावावर असते. चालवणारा मी, मॉडिफाय करणारा मी, पण विम्याच्या भाषेत मालक ते. बेकायदा बदलाचा दंड मालकाला. क्लेम घेतला की नो क्लेम बोनस शून्यावर येतो, तोही मालकाचा. पहिलं वर्ष क्लेमशिवाय गेलं की वीस टक्के, मग पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस आणि पन्नास, अशी ती शिडी आहे. बाबा पंचेचाळीसवर होते. चार वर्षं त्यांनी जपलेली सूट मी एका संध्याकाळी घालवली.

आणि जिवाचं? पॉलिसीत पंधरा लाखांचं सक्तीचं वैयक्तिक अपघात कव्हर दिसतं ना, ते 'ओनर-ड्रायव्हर'साठी आहे. म्हणजे आरसीवर ज्याचं नाव आहे आणि ज्याच्याकडे वैध लायसन्स आहे त्याच्यासाठी. बाबांच्या गाडीत स्टिअरिंगवर तुम्ही असाल तर ते पंधरा लाख तुमचे नाहीत. मित्राची गाडी मागून नेली तर आणखी बिकट. दुसऱ्याचं वाहन मागून चालवणारा माणूस मालकाच्या जागी उभा असतो, त्याला 'तिऱ्हाईत' म्हणून भरपाई मागता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये म्हटलंय. म्हणून स्वतःच्या नावावर एक वेगळी वैयक्तिक अपघात पॉलिसी घ्या. बूफरपेक्षा ती कितीतरी स्वस्त आहे. मी आधी बूफर घेतला होता, म्हणून हे सांगायचा हक्क मला आहे.

ज्यांना मॉडिफाय केलेलीच सेकंडहँड गाडी मिळतेय, 'लाखाचं काम झालंय, तुला फुकट' अशी, त्यांनी आधी आरसी हातात घेऊन गाडीभोवती फिरा. रंग, इंधन, इंजिन नंबर, सगळं जुळवा. आधीच्या मालकाने केलेले बदल व्यवहार झाल्यावर तुमचे होतात, उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं. आणि गाडी नावावर झाली की चौदा दिवसांच्या आत पॉलिसी नावावर करायला अर्ज करा. थर्ड पार्टीचा भाग कायद्याने आपोआप नव्या मालकाकडे येतो, ओन डॅमेजचा येत नाही. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तर अजिबात येत नाही. तो माणसाचा असतो, गाडीचा नाही.

थर्ड पार्टीबद्दल थोडक्यात. तुमच्या गाडीने कुणी जखमी झालं तर भरपाई मोटार अपघात दावा न्यायाधिकरण ठरवतं, आणि बदल केलेत एवढ्याच कारणावरून कंपनीला सहसा हात झटकता येत नाहीत. कायद्याने तिच्यासाठी मोजक्याच सबबी ठेवल्यात. पण वैध लायसन्स नसण्यासारखा अटींचा भंग सिद्ध झाला, तर 'आधी पीडिताला द्या, मग मालकाकडून वसूल करा' असा आदेश होऊ शकतो. मालक कोण? पुन्हा बाबाच.

गेल्या आठवड्यात व्हॉइस नोट मागवल्या होत्या, त्यातले दोन प्रश्न.

साताऱ्याहून एकीने विचारलंय, "कंपनीने माझा क्लेम पूर्ण नाकारलाय, कारण दिलंय अ‍ॅलॉय. पण माझी गाडी तर मागून ठोकली गेली होती." ताई, हेच त्यांना लेखी विचारा: या बदलाचा आणि या अपघाताचा संबंध काय? पॉलिसीची नेमकी कोणती अट मोडली, तिचा क्रमांक मागा. अट मोडलीच असेल तरी ती मूलभूत नसेल तर सरसकट शून्य देण्याऐवजी पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत क्लेम देता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये अमलेंदु साहू यांच्या प्रकरणात मान्य केलंय. तिथे खासगी गाडी भाड्याने वापरली होती, तरी पंचाहत्तर टक्के मिळाले. आधी कंपनीच्या तक्रार निवारण विभागाकडे मेल करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. फी नाही, वकील लागत नाही, मर्यादा पन्नास लाखांची, आणि कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत जायचं. मुंबईत आणि पुण्यात कार्यालयं आहेत. ग्राहक आयोगाचा रस्ताही आहेच. मी स्वतः लोकपालांकडे गेलो नाही. माझ्या पत्रात जे लिहिलं होतं ते खरं होतं आणि मला ते माहीत होतं. तुमचं तसं नाही.

दुसरा प्रश्न नाशिकचा: "दोन वर्षं सांगितलं नाही. आता सांगितलं तर पॉलिसी रद्द करतील का?" कायदेशीर वस्तूंसाठी तरी घाबरू नका. पॉलिसीच्या मधेच एंडोर्समेंट करून घेता येते. मेल लिहा: पॉलिसी नंबर, गाडी नंबर, वस्तूंची यादी, बिलं, चारही बाजूंनी फोटो. कंपनी कदाचित गाडी बघायला माणूस पाठवेल, मग उरलेल्या महिन्यांपुरता प्रीमियम घेईल. तोंडी सांगून थांबू नका, एजंटला व्हॉट्सअ‍ॅप करून तर मुळीच नाही. नवीन शेड्यूल येईल, त्यात तो रकाना शून्य नाही ना, हे तपासा. आणि तिसऱ्या गटातलं काही लावलं असेल तर मेलच्या आधी गॅरेजला जा आणि ते काढा.

माझ्या गाडीचं विचाराल तर ती परत पांढरी आहे. एक्झॉस्ट मूळचा, टायर कंपनीच्या साइजचे. अ‍ॅलॉय ठेवलेत, पंधरा इंची, पॉलिसीत किमतीसकट. बाबांचा बोनस यंदा पंचवीस टक्क्यांवर आलाय. रिन्यूअल अजून मीच करतो, पण पेमेंटच्या आधी फोन त्यांच्या हातात देतो. ते चष्मा लावून प्रत्येक रकाना वाचतात, त्यात चारची वीस मिनिटं होतात.

पुढच्या भागात बाइकवाल्यांकडे वळू. सायलेन्सरबद्दलच्या व्हॉइस नोट रविवारपर्यंत पाठवा.